गिनीपिगचे दुखरे तळवे आणि आखडलेले पाय : कोकणातल्या घरांसाठी माहितीपत्रक

गिनीपिगच्या तळव्याला फोड आला, तो पाय टेकवेना, की आमच्याकडे आधी मलमाची विचारणा होते. मलमाचे काम नंतरचे. तळवा बिघडतो तो ओल्या किंवा खरखरीत जमिनीमुळे, वाढलेल्या वजनामुळे, लांब नखांमुळे आणि व्हिटॅमिन सी कमी पडल्यामुळे. बहुतेक वेळा यातली दोन-तीन कारणे एकत्र असतात. ती तशीच ठेवून नुसते औषध लावले तर जखम वरून सुकते आणि काही दिवसांत पुन्हा उघडते. म्हणून या पत्रकात पिंजऱ्याच्या तळाबद्दल आणि खाण्याबद्दल जास्त लिहिले आहे.

तळवा कसा पाहायचा

आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा, चारही तळवे पाहावेत. मांडीवर टॉवेल घ्या, गिनीपिगची पाठ आपल्या पोटाला टेकवून त्याला बसता करा आणि एक हात त्याच्या बुडाखाली घट्ट ठेवा. उताणा पाडू नका, तो घाबरून झटका देतो आणि हातातून सुटतो. मोबाईलचा टॉर्च तिरपा धरा. पुढच्या पायाला चार बोटे असतात आणि मागच्या पायाला तीन. निरोगी तळवा मऊ असतो आणि त्यावर बारीक रेषा दिसतात. दुखण्याची सुरुवात होते तेव्हा त्या रेषा पुसट होतात, कातडी ताणल्यासारखी चकचकीत दिसते आणि भोवतीचे केस गळतात. काहींचे तळवे मुळातच काळे असतात. त्यात लाली दिसत नाही, तेव्हा बोटाने चाचपून पाहा : एक तळवा दुसऱ्यापेक्षा गरम किंवा फुगीर लागतो का?

यानंतर जाड, पिवळसर घट्टा किंवा खपली येते. पुढे खपलीखाली पू धरतो आणि पायाचा पंजा सुजतो. जखमेत शिरणारे जंतू बहुधा स्टॅफिलोकॉकस जातीचे असतात. ते हाडापर्यंत पोचले की उपचार महिनोन्‌महिने चालतो आणि पाय पूर्ण बरा होईलच असे सांगता येत नाही. चकचकीत, लालसर तळव्यापर्यंतचे दुखणे घरी आवरता येते. खपली, रक्त, पू किंवा सूज दिसली तर पशुवैद्य हवाच.

पुढच्या पायाच्या बाहेरच्या कडेला कधीकधी नखासारखा कडक, वाळलेला पापुद्रा वाढतो. वयस्कर गिनीपिगमध्ये तो जास्त दिसतो. ती जखम नव्हे. ओढून काढू नका. कोमट पाण्यात पाच मिनिटे भिजवून मऊ करा आणि फक्त कोरडा, निर्जीव भाग नेलकटरने कापा.

पिंजऱ्याचा तळ

तारेच्या जाळीचा तळ असलेला पिंजरा गिनीपिगसाठी नको. तो पक्ष्यांसाठी असतो. वजन तळव्यातल्या दोन-तीन बिंदूंवर पडते आणि तिथली कातडी मरते. पिंजरा बदलणे आज जमत नसेल तर जाळीवर प्लायवूड किंवा जाड प्लॅस्टिकचा सपाट पत्रा टाका आणि त्यावर अंथरूण करा. दोन गिनीपिगना साधारण चार फूट बाय दोन फूट जागा लागते. कमी जागेत ते एकाच कोपऱ्यात, स्वतःच्याच मुतात बसून राहतात.

आपल्याकडे सहज मिळणाऱ्या अंथरुणांपैकी बरीचशी या प्राण्याला चालत नाहीत. भाताचे तूस टोकदार असते, ते तळव्यात रुतते. वखारीतला लाकडाचा भुसा फार बारीक असतो, जखमेला चिकटतो, नाकात जातो, आणि त्यात कोणकोणते लाकूड आहे हे कळत नाही. काथ्या खरखरीत असतो. भाताचा पेंढा वाळका आणि स्वच्छ असेल तर लपायला चालेल, पण दुखऱ्या तळव्याखाली नको. सुके गवत घेताना कुसळे बघून घ्या. डोंगरावरच्या कापणीच्या गवतात कुसळी असतेच, तिचे टोक बोटांच्या बेचक्यात शिरले की बाहेरून टाचणीएवढी लाल टिकली दिसते आणि आत पू होत राहतो. गवताची मूठ पसरून, कुसळे वेचून मगच आत टाका.

आम्ही सुचवतो ती मांडणी अशी. सर्वांत खाली प्लॅस्टिक. त्यावर जुन्या टर्किश टॉवेलचे दोन थर, आणि वर फ्लीसचे (मऊ, लोकरीसारखे सिंथेटिक) कापड. फ्लीस ओल स्वतःत धरून ठेवत नाही, खाली टॉवेलात सोडते, म्हणून तळवा कोरडा राहतो. पण नवे फ्लीस लगेच असे वागत नाही. दोन-तीन वेळा साध्या साबणाने धुवा, मग त्यावर चमचाभर पाणी ओतून पाहा. पाणी मोत्यासारखे वर राहिले तर अजून एकदा धुवा. कपडे मऊ करणारे द्रव अजिबात वापरू नका. त्याचा थर बसला की पाणी खाली झिरपत नाही.

जून ते सप्टेंबर हीच मांडणी फसते, कारण काहीच वाळत नाही. फरशीला आणि कोब्याला पाणी सुटते, आणि जमिनीवर ठेवलेला पिंजरा खालून दमट होतो. पिंजरा निदान फूटभर उंच स्टँडवर किंवा पाटावर घ्या, भिंतीपासून हातभर दूर, पागोळ्यांचे शिंतोडे येणार नाहीत अशा जागी. फ्लीस-टॉवेलचे चार जोड ठेवा : एक पिंजऱ्यात, एक धुण्यात, दोन पंख्याखाली. अर्धवट ओला जोड घालण्यापेक्षा जुनी सुती चादर घडी करून घातलेली बरी. दिवसातून दोनदा लेंड्या झाडा. पाण्याच्या बाटलीखाली आणि झोपायच्या कोपऱ्यात टिश्यू पेपर दहा सेकंद दाबून धरा, ओला झाला तर तेवढा भाग लगेच बदला. बाटली ठिबकत असेल तर आधी ती बदला. एक गळकी बाटली सगळी मेहनत फुकट घालवते.

जखम उघडी असताना मुंग्या आणि माश्या यांच्यावर लक्ष हवे. पावसाळ्यात मुताने ओल्या झालेल्या केसांत माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या होतात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पिंजऱ्यावर मच्छरदाणीचे कापड टाका आणि बुडाखालचा भाग रोज तपासा. अळी दिसली तर पशुवैद्याकडे जाणे उद्यावर ढकलू नका.

तळव्याची घरगुती स्वच्छता

अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा (सुमारे ५ ग्रॅम) मीठ विरघळवा. पसरट ताटलीत पायाची बोटे बुडतील एवढेच पाणी घ्या आणि पाय पाच मिनिटे त्यात ठेवा, दिवसातून दोनदा. मग मऊ सुती फडक्याने टिपून घ्या. घासू नका. बोटांच्या बेचक्यात ओल राहते, तिथे फडक्याचा कोपरा फिरवा. कातडी खरचटलेली असेल तर पोव्हिडोन आयोडीनचे सोल्युशन (स्क्रब नव्हे, त्यात साबण असतो) पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून कापसाने लावा आणि सुकू द्या.

डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, कापूर घातलेले तेल, हळदीचा लेप यातले काहीही लावू नका. काही झोंबते, काही कातडी जाळते, आणि गिनीपिग ते चाटतो. औषधाच्या दुकानात मिळणारी खाजेची ‘सगळ्यावर चालणारी’ मलमे विशेष टाळा. त्यात बहुधा स्टेरॉइड मिसळलेले असते, त्याने लाली दोन दिवस कमी होते आणि जखम मात्र आतून पसरते. खपली ओढू नका. फोड पिळू नका. गिनीपिगचा पू घट्ट असतो, दाबून बाहेर येत नाही, उलट खोल ढकलला जातो. पट्टी बांधायची असेल तर ती पशुवैद्याकडून एकदा शिकून घ्या. घट्ट पट्टीने बोटे सुजतात, सैल पट्टी तो कुरतडून गिळतो, आणि ओली झालेली पट्टी न बदलणे हे पट्टी न बांधण्यापेक्षा वाईट.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो. घरातली माणसांची किंवा कुत्र्याची उरलेली अँटिबायोटिके देऊ नका. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन, सेफॅलेक्सिन ही औषधे गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात. त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू वाढतो, त्याच्या विषाने जुलाब होतात आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. तळव्यावर लावलेले मलमही चाटून पोटात जाते, म्हणून तेही पशुवैद्याला विचारूनच. वेदनेसाठीही तसेच. पॅरासिटॅमॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घरच्या अंदाजाने नको. पशुवैद्य सहसा मेलॉक्सिकॅम वजनाप्रमाणे मोजून देतात.

पाय आखडण्याची कारणे

तळवा ठीक दिसतो, तरी गिनीपिग ताठ चालतो, मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखा टुणटुण करतो किंवा उचलल्यावर किंचाळतो. अशा वेळी पहिला संशय व्हिटॅमिन सीचा घ्या. माणसाप्रमाणेच गिनीपिगचे शरीर हे व्हिटॅमिन तयार करू शकत नाही. दोन ते तीन आठवडे ते मिळाले नाही की सांधे सुजतात, गुडघ्यांच्या आत रक्त साकळते, हिरड्यांतून रक्त येते, केस राठ होतात आणि जखमा भरत नाहीत. तळव्याची जखम महिनाभर तशीच असेल तर हेही कारण तपासा.

‘आम्ही तर व्हिटॅमिन सी असलेले पेलेट देतो’ असे ग्राहक सांगतात. पेलेट म्हणजे तयार खाद्याच्या लहान कांड्या. पेलेटमधले सी उष्णतेने, दमटपणाने आणि दिवसांनी उतरते, आणि कोकणात हे तिन्ही भरपूर. तयार झाल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आतलेच पाकीट घ्या, लहान घ्या, फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून आणि उन्हापासून लांब ठेवा. बुरशीचा वास आला तर फेकून द्या. पाण्याच्या बाटलीत व्हिटॅमिनचे थेंब टाकण्यात अर्थ नाही. उजेडात ते दिवसभरात बरेचसे नष्ट होते, आणि चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो.

निरोगी गिनीपिगला दर किलो वजनामागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम सी लागते. आजारात पशुवैद्य ते ५० किंवा त्याहून जास्त करतात. मध्यम हिरव्या ढोबळ्या मिरचीचा पाव भाग, बिया काढून, म्हणजे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम. पेरूची १० ग्रॅमची फोड जवळपास तेवढेच देते, पण साखर असते म्हणून आठवड्यातून दोनदाच. आवळ्याची नखाएवढी चकती काही जण आवडीने खातात. कोथिंबीर रोज चालेल. शेवग्याच्या पाल्यात सी असते तसेच कॅल्शियमही भरपूर, तेव्हा मुतखड्याच्या भीतीने तो क्वचितच. काजूच्या बोंडूत सी आहे हे खरे, पण तो गोड असतो आणि उकाड्यात दुपारपर्यंत आंबतो, म्हणून नको. परसातले अळू कधीच नको. कच्च्या अळूने तोंड आणि घसा सोलवटतो.

औषध म्हणून द्यायचे तर ५०० मिलिग्रॅमची फक्त व्हिटॅमिन सीची गोळी कुटून १० मिलिलिटर पाण्यात ढवळा. अर्धा मिलिलिटर म्हणजे २५ मिलिग्रॅम. बिनसुईच्या १ मिलिलिटर सिरिंजने ओठाच्या कडेने, पुढच्या दातांच्या मागे, हळूहळू सोडा. समोरून जोरात सोडले तर ठसका लागून फुप्फुसात जाते. उरलेले टाकून द्या, रोज ताजे करा. मल्टिव्हिटॅमिन वापरू नका. त्यातले ए आणि डी अंगात साठते, आणि जास्तीच्या डीमुळे सांध्यांभोवती कॅल्शियम बसून पाय उलट अधिक ताठ होतात. कमतरता हेच कारण असेल तर आठवडाभरात चाल सुधारू लागते. नाही सुधारली तर शोध पुढे न्यावा लागतो.

तीन-चार वर्षांपुढे सांधे झिजतात. हे बरे होत नाही, पण प्राणी वर्षानुवर्षे सुखाने राहू शकतो. पिंजऱ्यातल्या पायऱ्या आणि उतार काढा. लपायच्या घराला उंबरठा असेल तर तो कापा, म्हणजे पाय उचलावा लागणार नाही. बाटलीचे तोंड त्याला मान न ताणता पोचेल इतके खाली घ्या, खाण्याची ताटली बसकी ठेवा, गवत दोन ठिकाणी टाका. रोज पंधरा-वीस मिनिटे सतरंजीवर फिरू द्या. गुळगुळीत लादीवर सोडू नका, पाय फाकतात. वाकता येत नसल्याने त्याला स्वतःचे बूड साफ करता येत नाही. ते ओल्या फडक्याने पुसून कोरडे करणे हे आता तुमचे काम.

पाठीवर पडल्यानंतर मागचे पाय ओढत चालणे, गाभण किंवा अंगावर पाजणाऱ्या मादीचे पाय अचानक लुळे पडणे, कुबड काढून बसणे आणि लघवीला किंचाळणे : यात घरी काही करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वजन आणि नखे

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, निरोगी असताना आठवड्याला आणि आजारात रोज. वाढलेली मादी साधारण ७०० ते ९०० ग्रॅम, नर ९०० ते १२०० ग्रॅम. हाताला बरगड्या लागतच नसतील तर वजन जास्त आहे. पोळी, भात, बिस्किटे, शेंगदाणे आणि मे महिन्यातल्या हापूसच्या फोडी बंद करा, पेलेट रोज १५ ते २० ग्रॅमवर आणा, सुके गवत मात्र कधीही तोडू नका. उपाशी ठेवून बारीक करणे जिवावर बेतते. आठवड्यात ५० ग्रॅम उतरले तर सावध व्हा, १०० ग्रॅम उतरले तर दाखवा. बारा तास काही खाल्ले नसेल तर पेलेट कोमट पाण्यात भिजवून पातळ लापशी करा, ती सिरिंजने थोडीथोडी द्या आणि लगेच पशुवैद्याला फोन करा.

नखे दर तीन-चार आठवड्यांनी कापावीत. लांब नख बोटाला वाकवते आणि भार तळव्याच्या मागच्या भागावर येतो. नखाच्या खालून टॉर्च धरला की रक्तवाहिनी दिसते, तिच्यापुढे दोन-तीन मिलिमीटर सोडून कापा. रक्त आलेच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावून दोन-तीन मिनिटे दाबून धरा.

दवाखान्यात नेताना

तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशी आणि कुत्र्यांचीच गर्दी असते. निघण्याआधी फोन करून विचारा की गिनीपिग पाहतात का. वजनाची वही, चालू औषधांची पाकिटे आणि तळव्याचे रोजचे फोटो बरोबर घ्या. एकाच उजेडात, एकाच कोनातून काढलेले फोटो पशुवैद्याला फार उपयोगी पडतात. महामार्गाने लांब जायचे असेल तर पहाटे निघा. दमट हवेत २८-३० अंशांपुढे गिनीपिगला उष्माघात होऊ शकतो. भोके असलेल्या डब्यात टॉवेल, मूठभर गवत आणि पाण्याऐवजी काकडीचे तुकडे ठेवा, जोडीदार असेल तर त्यालाही बरोबर न्या, आणि गाडी उन्हात उभी करून डबा आत सोडू नका.