डब्ल्यू. पी. स्नायडर ज्युनिअर (टोबोट)

अमेरिकेच्या ओहायो राज्यात मारिएटा गावी मस्किंगम नदीत जतन केलेली वाफेवरची टोबोट. पाणी मागे सारून तिला चालवणारे वल्हेचाक मागच्या बाजूला आहे. 1989 मध्ये तिला ‘नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क’चा दर्जा मिळाला.

‘टो’ म्हणजे ओढणे, पण टोबोट बार्ज ढकलते. गोव्याच्या मांडवी नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जला स्वतःचे इंजिन असते. इथली बार्ज म्हणजे माल भरायची नुसती लोखंडी पेटी. अशा पेट्या तारदोरांनी एकमेकींना आवळून बोटीच्या पुढे बांधतात. त्यामुळे बोटीची नाळ, म्हणजे पुढची बाजू, टोकदार नसते. सपाट असते आणि तिच्यावरच्या जाड उभ्या आधारांना बार्ज टेकतात. मागे ओढली तर बार्ज वळणावर प्रवाहाबरोबर भरकटते. पुढे घट्ट बांधली की सगळा तांडा एका लांब होडीसारखा वळतो. अशा बोटींना चाकाच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे सुकाणू असत. चाक उलटे फिरवले की पाण्याचा लोट पुढच्या सुकाणूंवर येई आणि वेग कमी करतानाही तांडा वळवता येई. वळणावर बोटचालकाचे कसब इथेच लागे.

पिट्सबर्गच्या जेम्स रीस अँड सन्स कारखान्यात कार्नेगी स्टील कंपनीसाठी 1918 साली ही बोट बांधली गेली. पहिले नाव डब्ल्यू. एच. क्लिंगरमन. 1938 मध्ये ती जे. एल. पेरी झाली, 1945 मध्ये काही काळ नुसती ए-1. त्याच वर्षी क्रूसिबल स्टीलने घेतल्यावर आजचे नाव मिळाले. नावे बदलली तरी काम तेच राहिले: मोनोंगाहेला नदीवरून कोळसा नेणे. या धाटणीला ‘पूल’ टोबोट म्हणतात. मराठी वाचकाची गल्लत होणारच, पण हा पूल म्हणजे दोन बंधाऱ्यांमधला संथ पाण्याचा टप्पा. बोट बसकी ठेवली ती मात्र खरोखरच आपल्या अर्थाच्या पुलांखालून जाण्यासाठी.

डिझेल बोटींपुढे वाफेचा टिकाव लागेना. 1955 मध्ये बोट ओहायो हिस्टॉरिकल सोसायटीकडे आली आणि मारिएटाच्या नदी संग्रहालयात दाखल झाली. आयोवातल्या केओकक गावाने जॉर्ज एम. व्हेरिटी (1927) ही टोबोट पाण्याबाहेर ठेवली. स्नायडर पाण्यातच राहिली. दिसायला हेच शोभते, पण तळाचा पत्रा गंजत राहतो. 2009 मध्ये तळाच्या दुरुस्तीसाठी तिला ओहायो नदीने साउथ पॉइंटला हलवावे लागले, तेही दुसऱ्या बोटीच्या जोरावर.