‘डॉट ऑर्ग म्हणजे खात्रीची साइट’: हा समज सोडायला हवा

शिक्षक-प्रशिक्षणात एक तपासयादी वर्षानुवर्षे फिरते आहे: वेबसाइटचा पत्ता ‘डॉट ऑर्ग’ने (.org) संपत असेल, ‘आमच्याविषयी’ पान नीटनेटकं असेल, तर साइट विश्वासार्ह. हे चूक आहे. डॉट ऑर्ग पत्ता कुणालाही नोंदवता येतो. आणि स्वतःची ओळख तर जो तो चांगलीच लिहितो!

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात १० इतिहासकार, १० फॅक्ट-चेकर (दाव्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक) आणि २५ विद्यार्थी होते. त्यांना अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांच्या साइट दाखवल्या: एक १९३० पासूनची, मोठी, दुसरी तिच्यातून फुटलेली, अगदी छोटी. विद्यार्थी, आणि पीएचडी झालेले कित्येक इतिहासकारही, लोगो अन् मांडणी न्याहाळत त्याच पानावर रेंगाळले. फॅक्ट-चेकरनी पान जेमतेम चाळलं आणि नवे टॅब उघडले: या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात? फरक त्यांना चटकन कळला.

माझ्या मते नवी ॲप शिकवण्याआधी शिक्षक-प्रशिक्षणात हीच सवय अंगवळणी पाडावी. शिक्षकाने वर्गासमोर अनोळखी साइट उघडावी, ती तशीच ठेवून शेजारच्या टॅबमध्ये तिच्या नावाचा शोध घ्यावा आणि आपण काय विचार करतोय ते मोठ्याने बोलावं.