पोलीस दलावरील नागरी देखरेख (सातारा व सांगली जिल्हे)

पोलीस दलात किती माणसे असावीत, ती कोठे नेमावीत, वर्षभरात कोणत्या कामाला अग्रक्रम द्यावा आणि दलाविरुद्धच्या तक्रारी कोणी ऐकाव्यात, या बाबतींत दलाबाहेरच्या लोकांना असलेला अधिकार किंवा सहभाग म्हणजे नागरी देखरेख. ‘नागरी’ हा शब्द येथे ‘शहरी’ या अर्थी नसून ‘गणवेशाबाहेरचा’ या अर्थी घ्यावयाचा. अमेरिकेतील अनेक उपनगरांत पोलीस खाते नगरपालिकेचेच असल्याने मनुष्यबळ व अंदाजपत्रक निवडून आलेले सभागृह ठरवते. इंग्लंड व वेल्सच्या बहुतेक भागांत २०१२ पासून त्यासाठी स्वतंत्र आयुक्त मतदानाने निवडले गेले. भारतात पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे आणि संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी दिलेल्या १८ विषयांत तो नाही. त्यामुळे सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत (स्थापना १९९८) विश्रामबाग किंवा कुपवाडच्या ठाण्यातील अपुऱ्या मनुष्यबळावर ठराव होऊ शकतो, पण तो गृह विभागावर बंधनकारक नसतो.

या देखरेखीची मुळे कोठे शोधावीत, याविषयी दोन मते आहेत. पहिले मत पाटीलकीकडे बोट दाखवते. ‘पाटील’ हा शब्द माळव्यातील परमारांच्या ताम्रपटांत येणाऱ्या ‘पट्टकिल’ या शब्दावरून आला, ही व्युत्पत्ती बहुतेकांना मान्य आहे. मात्र कृष्णाकाठच्या या मुलखावर कन्नड राजवटींचा दीर्घकाळ अंमल होता. तेथील ग्रामप्रमुखाचा ‘गावुंड’ (पुढे ‘गौडा’) हा हुद्दा लक्षात घेता, शब्द उत्तरेकडचा आणि अधिकार दक्षिणेकडचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पाटलाच्या हाताखाली गावची राखण रामोशी समाजाचे लोक करीत. चोरी झाली की ते पावलांचा माग काढीत. माग शेजारच्या गावाच्या शिवेवर नेऊन दाखवला की जबाबदारी त्या गावावर जाई. पुढचा माग त्याने काढून द्यावा, नाहीतर नुकसान भरून द्यावे, अशी रीत होती. राखणदाराने काम केले की नाही, हे गाव स्वतः पाहत असे आणि चुकीची किंमतही गावालाच मोजावी लागे. ही देखरेख आजच्या अर्थाने लोकशाही नव्हती. वतन वंशपरंपरेने चाले आणि रामोशांवर संशयाचा जो शिक्का बसला, त्याचे दुःख त्या समाजाने पुढे पिढ्यान्‌पिढ्या सोसले.

ब्रिटिश अमदानीत १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पाटील सरकारी यंत्रणेत आला. वंशपरंपरागत पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने आजचा पोलीस पाटील आला. त्याची नेमणूक पोलीस अधीक्षक करीत नाहीत, प्रांताधिकारी करतात. हा फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही. गावातला पोलिसांचा माणूस पोलिसांनी नेमलेला नसावा, हे जुने तत्त्व त्यात टिकून आहे.

दुसरे मत १९४३ ते १९४६ या काळातील सातारच्या प्रतिसरकाराला उगम मानते. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजचा बराचसा सांगली जिल्हा मोडत होता (दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला व १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले). क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील या चळवळीने गावोगाव न्यायदान मंडळे नेमली आणि दरोडेखोर, सावकार व खबरे यांच्या बंदोबस्तासाठी तुफान सेना उभारली. कुंडल हे तिचे मोठे केंद्र होते. ‘पत्री सरकार’ हे लोकांच्या तोंडचे नाव मात्र वादाचे आहे. बैलाला पत्री ठोकतात तशी गुन्हेगाराच्या तळपायाला ठोकत, म्हणून ‘पत्री’, असा समज पसरला आणि सरकारी गोटातून तो हिरिरीने पसरवला गेला. दुसऱ्या मतानुसार ‘प्रति’चाच ‘पत्री’ झाला. कार्यकर्ते स्वतः ‘प्रतिसरकार’ म्हणत, हे पाहता दुसरे मत ग्राह्य धरावे. तळपायावर काठीचे फटके देण्याची शिक्षा होती, त्यामुळे पहिल्या समजाला आधार मिळाला असावा. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते न्यायदान मंडळ. गावच्या चावडीत, सर्वांसमक्ष, गावाने मानलेल्या पंचांपुढे निवाडा होई. तरीही युद्धकाळातील भूमिगत संघटनेला देखरेखीची संस्था म्हणणे ओढूनताणून होईल. पाटीलकीचा धागा अधिक सलग आहे.

विद्यमान कायदा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ हा आहे (मूळ नाव मुंबई पोलीस अधिनियम). त्याच्या कलम ४ नुसार दलाचे अधीक्षण राज्य शासनाकडे असून कलम १७ नुसार जिल्ह्याचे दल जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली असते. सातारा व सांगली येथे पोलीस आयुक्तालय (जेथे जिल्हादंडाधिकाऱ्यांचे असे नियंत्रण नसते) नाही, अधीक्षक आहेत. म्हणून हे नियंत्रण येथे निदान कागदावर शिल्लक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या खटल्यात राज्य सुरक्षा आयोग, पोलीस आस्थापना मंडळ व तक्रार प्राधिकरण नेमण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये अधिनियमात दुरुस्ती करून ते आपल्या पद्धतीने स्वीकारले. दलाची धोरणे व कामगिरीचे मूल्यमापन, म्हणजेच उद्दिष्टांचा विषय, राज्य सुरक्षा आयोगाकडे गेला. त्यात गृहमंत्री अध्यक्ष, विधानसभेतील विरोधी पक्षनेते सदस्य आणि ५ अशासकीय सदस्य अशी रचना आहे. बदल्यांचा विषय आस्थापना मंडळांकडे आला. जिल्ह्याच्या मंडळात मात्र अधीक्षक व त्यांचे अधिकारीच असतात, बाहेरचा एकही नाही.

न्यायालयाने तक्रार प्राधिकरण जिल्ह्यागणिक सांगितले होते, राज्याने ते महसुली विभागागणिक केले. सातारा-सांगलीचा विभाग पुणे. पोलिसांचे परिक्षेत्र मात्र कोल्हापूर. म्हणजे परिक्षेत्राचे प्रमुख असलेले विशेष पोलीस महानिरीक्षक एका दिशेला आणि त्यांच्या माणसांविरुद्धची तक्रार दुसऱ्या दिशेला. जत तालुक्यातील उमदीच्या शेतमजुराला पुण्याची एक तारीख म्हणजे दोन दिवसांची मजुरी. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला व मृतदेह आंबोली परिसरात नेऊन जाळण्यात आला. पोलिसांनाच अटक झाली, तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. अशा प्रसंगी दाद मागण्याची जागा जवळ असणे किती गरजेचे आहे, हे सांगलीकरांना त्या वेळी फार जवळून कळले.

गावपातळीवर १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम ही लक्षणीय घटना होय. तिचे प्रवर्तक, तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील हे तासगाव तालुक्यातील अंजनीचे. समिती ग्रामसभा निवडते. उपनगरांत ग्रामसभाच नसल्याने ही वाट तेथे बंद आहे. तेथे शांतता समिती, मोहल्ला समिती, महिला दक्षता समिती असतात. सप्टेंबर २००९ च्या मिरज दंगलीनंतर त्यांचे महत्त्व वाढले. पण सदस्यांची नावे बहुधा ठाण्यातूनच निघतात, म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवावयाची तेच नजर ठेवणारे निवडतात. बैठका गणेशोत्सव व मोहरमच्या तोंडावर भरतात. मिरवणुकीचा मार्ग, डॉल्बी, विसर्जनाची वेळ एवढे बोलून चहा होतो.

मनुष्यबळाचा प्रश्न ‘आकृतिबंध’ या एका शब्दात सामावलेला आहे. ठाण्याला कोणत्या दर्जाची किती पदे मंजूर, हे त्यात ठरते व तो शासनाकडूनच बदलतो. दर लाखामागे २२२ पोलीस हा आकडा संयुक्त राष्ट्रांचे प्रमाण म्हणून सर्रास दिला जातो. त्यासोबत मूळ दस्तऐवज क्वचितच दिला जात असल्याने तो जपून वापरावा. तक्त्यावरच्या ‘मंजूर’ व ‘हजर’ या दोन रकान्यांपेक्षा तिसरा, न लिहिलेला रकाना खरा. हजर संख्येतून रजेवरचे, साप्ताहिक सुट्टीवरचे, कोर्ट पैरवीचे (खटल्यांच्या कामासाठी कोर्टात असलेले), समन्स-वॉरंट बजावणारे, कैदी पार्टीला (कैद्यांची ने-आण करायला) गेलेले आणि मुख्यालयाला अटॅच केलेले वजा करावे. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद-फलटणमार्गे जाते, तेव्हा बंदोबस्तालाही माणसे जातात. मग रात्री ठाणे अंमलदार, वायरलेसवर एक आणि गस्तीच्या गाडीत दोघे, एवढ्यावर कॉलनीच काय, सबंध उपनगर असते. बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या त्या शिपायाच्या बाजूनेही नागरिकांनी विचारणा करावी, हा देखरेखीचा दुर्लक्षित अर्थ आहे.

पैशाच्या बाबतीत लोकप्रतिनिधींचा हात फक्त जिल्हा नियोजन समितीपुरता पोहोचतो. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील या समितीत निवडून आलेल्या सदस्यांचे बहुमत असते व तिच्या निधीतून पोलिसांना वाहने आणि सीसीटीव्ही मिळालेले आहेत. पदे मात्र तिच्या कक्षेत येत नाहीत. गस्तीची नवी जीप समितीने दिली, तरी तिच्या चालकाचे पद आकृतिबंधातच मागावे लागते.