दोन रकान्यांच्या मधलं मूल

शाळेच्या नोंदवहीत अपंगत्वाचा प्रकार लिहायला एकच रकाना असतो. मुलाला ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही, तर त्यात काय लिहायचं? कर्णबधिर लिहिलं की खुणांची भाषा आली, तिला नजर हवी. अंध लिहिलं की ऐकवून शिकवणं आलं, त्याला कान हवेत. दोन्ही जमेना म्हणून 'मतिमंद' लिहून मोकळं व्हायचं, असंही पुष्कळदा झालं. सोलापुरात अशा मुलांचा शैक्षणिक आराखडा करायला बसलं, की आधी या रकान्याशीच गाठ पडते.

ही सवय कायद्यानेच लावली. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. अंधत्व वेगळं, श्रवणदोष वेगळा. दोन्ही एकत्र असण्याचा नाव घेऊन उल्लेख झाला तो 2016 च्या नव्या कायद्यात, 21 प्रकारांच्या यादीत.

शिकवण्याची रीत मात्र फार जुनी. न दिसणारी, न ऐकू येणारी लॉरा ब्रिजमन 1837 मध्ये बॉस्टनच्या पर्किन्स शाळेत आली आणि वस्तूंवर चिकटवलेली उठावाची अक्षरं चाचपत शब्द शिकली. त्याच शाळेत शिकलेल्या अ‍ॅन सलिव्हन 1887 मध्ये हेलन केलरला शिकवायला गेल्या. हेलनची गोष्ट आपण इतकी सांगतो, की एक गोष्ट विसरतो: 19 महिन्यांची होईपर्यंत ती पाहत होती, ऐकत होती. जन्मापासूनच दोन्ही नसलेल्या मुलाला 'शब्द' म्हणून काही असतं, हेच आधी कळायला हवं.

अशी मुलं मोठ्या संख्येने पुढे आली ती रुबेलामुळे. गरोदरपणी आईला झालेल्या या आजाराचा बाळाच्या मोतीबिंदूशी संबंध नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी 1941 मध्ये दाखवला. नेदरलँड्समध्ये यान व्हान डाइक यांनी 1960 च्या दशकात अशाच मुलांसोबत काम करून वस्तूंचं दिनदर्शक बसवलं. ओळीने कप्पे, प्रत्येक कप्प्यात पुढच्या कामाची एक वस्तू. आपल्याकडे गोवर-रुबेला लसीची मोहीम महाराष्ट्रात पोहोचायला 2018 चा नोव्हेंबर उजाडला.

बधिरांध मुलांसाठीची हेलन केलर संस्था मुंबईत 1977 मध्ये निघाली. सोलापुरातून तिकडे जायचं म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेसमधली एक रात्र. रोज पोटासाठी विड्या वळणाऱ्या बाईला ते कुठलं परवडायला? शिक्षण हक्क कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा हक्क दिला, तो म्हणूनच मोलाचा. पण 'घरीच शिकवा' हे शाळेने हात झटकायचं वाक्यही होऊ शकतं.

घरी शिकवायचं तर कुठल्या भाषेत? सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी. आराखड्याच्या नमुन्यात 'मातृभाषा' विचारलेली असते. मूल मात्र आईला तिच्या हाताच्या तंबाखूच्या वासावरून ओळखत असतं. त्याच्या कप्प्यांत चादरीचा तुकडा म्हणजे झोप, वाटी म्हणजे जेवण, तांब्या म्हणजे आंघोळ. या वस्तू बाजारातून आणायच्या नाहीत, त्याच घरातल्या, रोज हाताळलेल्या हव्यात.

फिरत्या शिक्षिकेने दर भेटीला एकच कडं घालून यावं. मूल मनगट चाचपतं आणि कोण आलंय ते त्याला कळतं. त्या बाईंची बदली झाली की कडंही जातं, आणि नव्या बाईंचं मनगट मूल पुन्हा पहिल्यापासून चाचपायला लागतं.