आटे दुरुस्ती, मोटारीच्या ब्रेकमधील

बोल्टचे किंवा बोल्ट ज्या भोकात बसतो त्या भोकाचे झिजलेले, चुरडलेले वा उखडलेले आटे पुन्हा भार घेतील असे करणे म्हणजे आटे दुरुस्ती. घरी ब्रेक पॅड बदलताना ही वेळ बहुधा अगदी शेवटी येते. पॅड बसलेले असतात, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जागेवर असतो आणि बोल्ट आवळता आवळता पाना एकाएकी हलका होतो. तिथेच थांबावे. बोल्ट काढून पाहिला आणि त्याच्या आट्यांत धातूचा वळ्यावळ्यांचा कीस अडकलेला दिसला, तर भोकाचे आटे उखडले आहेत. बोल्टचेच आटे सपाट झाले असतील, तर त्याच मापाचा आणि त्याच प्रतीचा नवा बोल्ट पुरतो.

भोक आधी जाते, याला कारण आहे. ब्रेकचे बोल्ट साधारणतः ८.८ किंवा १०.९ या मजबुतीच्या प्रतीच्या पोलादाचे असतात. समोरची नकल, म्हणजे चाक आणि ब्रेक धरणारा भाग, बिडाची असते, काही गाड्यांत ॲल्युमिनियमची, आणि दोन्ही धातू त्या पोलादापुढे नरम पडतात. त्यात बोल्ट तिरका धरला गेला, पान्याने किंवा इम्पॅक्ट गनने सुरू केला, की पहिले दोन-तीन आटे कापले जातात. आणि जोडातला बराचसा भार याच सुरुवातीच्या आट्यांवर असतो. म्हणून कोणताही बोल्ट आधी बोटांनी तीन-चार फेरे आत जायलाच हवा. कोकणासारख्या खाऱ्या हवेत गंजाने धरलेला बोल्ट जोराने उपसला, तरीही तो आटे घेऊनच बाहेर येतो. पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, चुकणे हे आणखी एक कारण. मारुती सुझुकीच्या चाकांचे नट एम १२ × १.२५ (१२ मिमी व्यास, १.२५ मिमी पिच), तर ह्युंदाईचे सहसा एम १२ × १.५. दिसायला सारखे, पण एकाच्या जागी दुसरा आवळला की स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, वाया जातो.

दुरुस्ती करायची की नाही, हे ते भोक काय धरून ठेवते यावर ठरवावे. हत्यारे हाताशी असणे पुरेसे नाही. काही गाड्यांत कॅलिपर ब्रॅकेटचे (कॅलिपर नकलला धरून ठेवणाऱ्या भागाचे) बोल्ट नकलमधून आरपार जाऊन ब्रॅकेटच्या आट्यांत बसतात. तिथे आटे गेले तर ब्रॅकेट बदलावे, ड्रिल हातात घेण्याची गरजच नाही. स्लाइड पिनच्या, म्हणजे कॅलिपर ज्यावर सरकतो त्या दांडीच्या, आतले आटे गेले, तर नवी पिन आणावी; ती स्वस्त मिळते. चाकाचा स्टड हबमधून ठोकून किंवा दाबून काढता येतो आणि नवा बसवता येतो. ब्रेक ऑइल जिथून वाहते, म्हणजे हवा काढण्याचे ब्लीडर निपल आणि होजचा (ऑइलच्या नळीचा) पोकळ बोल्ट, तिथले आटे घरी दुरुस्त करू नयेत. धातूचा कीस आत गेला तर सील फाटते, आणि बैठक वाकडी झाली तर दाबाखाली ऑइल झिरपते. तिथे कॅलिपर बदलणे हाच मार्ग. ब्लीडरला जेमतेम १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळ लागतो, हे आधी लक्षात ठेवले तर ती वेळ सहसा येत नाही.

आता खऱ्या दुरुस्तीची जागा उरते: नकलमधले, ब्रॅकेट धरणारे कोरडे भोक. आटे फक्त गंजलेले किंवा थोडे दबलेले असतील, तर चेसर (असलेले आटे साफ आणि सरळ करणारे हत्यार) फिरवून ते सरळ होतात. साधा टॅप (नवे आटे पाडण्याचे हत्यार) धातू कापतो आणि उरलेसुरले आटेही पातळ करतो, म्हणून या कामाला चेसरच बरा. आटे पूर्ण गेले असतील, तर भोक मोठे करून त्यात नवे आटे बसवतात.

त्यातली सर्वांत प्रचलित पद्धत तारेच्या वेटोळ्याची. हेलिकॉइल हे तिच्या एका ब्रँडचे नाव गॅरेजमध्ये सरसकट वापरले जाते. स्टेनलेस पोलादाच्या पत्त्यांतल्या चौकटसारखा छेद असलेल्या तारेचे हे वेटोळे असते. बाहेरची कड नव्या भोकात रुतते, आतली कड मूळ मापाचे आटे देते. एम १० × १.२५ साठी साधे आटे पाडायचे तर ८.८ मिमीचे भोक लागते. वेटोळ्यासाठी ते सुमारे १०.३ मिमी करावे लागते आणि टॅपही किटमधला खास, मोठ्या मापाचा असतो. दुकानातला साधा एम १० टॅप इथे चालत नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर, हत्यारांच्या बाजारात, अशी किटे मिळतात.

सगळे यश ड्रिल सरळ जाण्यात आहे. नकल गाडीवरच ठेवून हाताने भोक पाडले तर ते सहज कलते, आणि कललेल्या भोकात कॅलिपर डिस्कशी समांतर राहत नाही. नकल उतरवून ड्रिल प्रेसवर नेणे त्रासाचे आहे, पण तेच करावे. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा फिरवावा, म्हणजे कीस तुटतो. बीड कोरडेच कापले तरी चालते, ॲल्युमिनियमला रॉकेल लावतात. टॅप भोकात मोडला तर तो ड्रिलने निघत नाही, कारण तो ड्रिलइतकाच कडक असतो. मग विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून काढणाऱ्या स्पार्क इरोजनवाल्याकडे जावे लागते. वेटोळे पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली बसवून त्याचे खालचे शेपूट मोडून काढतात. नीट बसलेले वेटोळे मूळ आट्यांपेक्षा कमजोर नसते. मूळ धातूत आता मोठ्या व्यासाचे आटे असतात आणि तार लवचीक असल्याने भार जास्त आट्यांवर वाटला जातो. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या ॲल्युमिनियम इंजिनांत अशी वेटोळी वापरली गेली ती याच गुणामुळे. वारंवार उघडाव्या लागणाऱ्या बोल्टला अखंड पोलादी बुश (आतबाहेर आटे असलेली नळी) अधिक टिकाऊ ठरतो, मात्र त्याला भोवती जास्त जागा लागते.

इपॉक्सी लांबी, टेफ्लॉन टेप, एक माप मोठा बोल्ट ठोकून घालणे किंवा बिडाच्या नकलवर वेल्डिंग, यांपैकी काहीही ब्रेकवर करू नये. ब्रेक दाबताना ब्रॅकेटचे बोल्ट त्या चाकाच्या ब्रेकचे सारे बल पेलतात. एखादा निसटला तर कॅलिपर चाकात अडकू शकतो.

दुरुस्तीनंतर बोल्ट टॉर्क पान्यानेच (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या) आवळावा. छोट्या मोटारींत ब्रॅकेटचा आवळ साधारण ८० ते ११० आणि स्लाइड पिनच्या बोल्टचा २५ ते ३५ न्यूटन-मीटर असतो, पण आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्यावा. आट्यांना वंगण लागले असेल तर त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो, हेही ध्यानात घ्यावे. गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत मारावे. बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवावी आणि काही दिवस गाडी चालवल्यावर चाक काढून ती पाहावी. रेघ तुटलेली दिसली तर तोच बोल्ट पुन्हा आवळत न बसता नकल बदलावी.