३२-बिटचा वाद आणि गेमिंगचा लिनक्स

गेमिंगसाठी डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच, जसं उबुंटू, डेबियन, आर्च किंवा फेडोरा) निवडताना 'याच्यात ३२-बिट लायब्ररी (जुन्या धाटणीच्या ३२-बिट प्रोग्रामांना लागणाऱ्या सामायिक कोडच्या फाइली) नीट मिळतात ना?' हा प्रश्न हल्ली फारसा कोणी विचारत नाही. जून २०१९मध्ये मात्र सगळं त्यावरच अडलं होतं.

आधीचं थोडक्यात. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन १९९३पासून आहे, गेमचं ऑनलाइन दुकान स्टीम लिनक्सवर २०१३ला आलं, २०१५ची स्टीम मशीन्स (लिनक्सवर चालणारे गेमिंग संगणक) आपटली. ऑगस्ट २०१८मध्ये प्रोटॉन आलं. त्यात वाइन होतंच, शिवाय विंडोजच्या डायरेक्टएक्स या ग्राफिक्स यंत्रणेचं काम लिनक्सवरही चालणाऱ्या व्हल्कनकडे वळवणारं डीएक्सव्हीके होतं, आणि सगळं थेट स्टीमच्या आत. विंडोजचे बरेच गेम खटपट न करता चालू लागले.

वर्षही उलटलं नव्हतं, तोच उबुंटूने जाहीर केलं की १९.१०पासून ३२-बिट पॅकेजं बंद. जुनी यंत्रं आता उरलीत किती, असा युक्तिवाद होता. इथेच शब्दाने घोळ घातला. ३२-बिट यंत्र वेगळं आणि ६४-बिट यंत्रावर चालणारा ३२-बिट प्रोग्राम वेगळा. ३२-बिट यंत्रांसाठीची डेस्कटॉप आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) तर १७.१०लाच बंद झाली होती, तेव्हा कोणाचं काही बिघडलं नाही. पण स्टीमचा क्लायंट ३२-बिट, विंडोजच्या जुन्या गेमांचा मोठा ढीग ३२-बिट, आणि त्यांना ग्राफिक्स ड्रायव्हरही ३२-बिटच लागतो. कंटेनर (मुख्य प्रणालीपासून अलग चालणारा कप्पा) वापरा, असा पर्याय सुचवला गेला. गेम खेळायला बसलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे थट्टाच. १९.१०ला आमचा अधिकृत पाठिंबा नसेल, असं स्टीमकडून सांगण्यात आलं. आठवड्याच्या आत उबुंटूने माघार घेतली: निवडक ३२-बिट पॅकेजं राहतील. या विषयावर २०१४पासून चर्चा झाली होती, असंही तेव्हा सांगितलं गेलं. झाली असेल, पण मग स्टीमचा विचार कोणीच कसा केला नाही?

त्या वादाची खूण आजही सेटअप करताना भेटते. डेबियनवर स्टीम टाकण्याआधी आय३८६ (म्हणजे ३२-बिट) आर्किटेक्चर जोडावं लागतं. आर्चमध्ये पॅकेजं टाकणाऱ्या पॅकमनच्या कॉन्फिग फाइलमध्ये मल्टिलिबच्या (३२-बिट पॅकेजांच्या भांडाराच्या) दोन ओळींपुढचा # काढावा लागतो. ३२-बिट व्हल्कन ड्रायव्हर राहून गेला, तर नवे गेम मजेत चालतात आणि एखादा जुना गेम क्षणभर काळी खिडकी दाखवून गुपचूप बंद होतो. एरर नाही, काही नाही. परत समोर 'प्ले'चं बटण.

२०२२मध्ये हातात धरून खेळायचं स्टीम डेक आलं आणि त्यावरच्या स्टीमओएस या लिनक्सचा पाया डेबियनवरून आर्चवर गेला. २०२५मध्ये फेडोरातही ३२-बिट काढण्याचा प्रस्ताव आला. गेमिंगवाल्यांनी पुन्हा गलका केला आणि तो मागे घेतला गेला. दरम्यान वाइन ९.०ने २०२४मध्ये ३२-बिटचे विंडोज प्रोग्राम नुसत्या ६४-बिट लायब्ररींवर चालवण्याची वाट बरीचशी मोकळी केली. खुद्द लिनक्ससाठी बांधलेल्या जुन्या ३२-बिट गेमांना तिचा उपयोग नाही; त्यातल्या कित्येकांचे कर्ते केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेत आणि नवी आवृत्ती कोणी काढणार नाही.