फ्रीसलंडचा टेर्प-सायकलमार्ग

नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतात वाडन समुद्राच्या काठाने जाणारा सायकलमार्ग. देशाच्या किनाऱ्याने जाणाऱ्या सुमारे ६०० किलोमीटरच्या ‘एलएफ किनारामार्गा’चा हा उत्तरेकडील भाग असून उत्तर समुद्राभोवती फिरणारा युरोवेलो १२ हा आंतरराष्ट्रीय मार्गही या किनाऱ्याने जातो. मारुम, फेरवर्ट, हेगेबाइंटुम, हॉलवर्ड, विरुम आणि मॉडरखाट ही वाटेवरची किंवा वाटेपासून थोडी आत असलेली गावे. त्यांतली बहुतेक गावे माणसांनी रचलेल्या मातीच्या उंचवट्यांवर वसली आहेत. अशा उंचवट्याला इथे ‘टेर्प’ म्हणतात. फ्रीसलंड आणि शेजारचा ग्रोनिंगन प्रांत मिळून असे हजाराहून अधिक उंचवटे आहेत.

इ. स. पू. सहाव्या शतकाच्या सुमारास गुरे चारणारे लोक इथल्या खाऱ्या कुरणांत राहायला आले. गवत भरपूर होते, पण वादळी भरती आली की सगळे पाण्याखाली जाई. म्हणून त्यांनी कुरणातल्याच गवताळ मातीच्या ढेपा कापून, त्यांत शेण आणि घरातला केरकचरा घालून घराखालची जमीन उंच केली. पुढच्या पिढ्यांनी त्यावर आणखी भर घातली. शेजारशेजारचे उंचवटे जोडले गेले आणि गाव झाले. समुद्राला अडवणारे सलग बांध अकराव्या-बाराव्या शतकांत येऊ लागले. तोवर पाणी येत-जात राहिले आणि माणसे वर राहिली.

रोमन लेखक थोरला प्लिनी याने याच किनाऱ्यावर, आजच्या जर्मनीच्या बाजूला, राहणारे कौकी लोक पाहिले होते. भरतीत ते जहाजावरच्या खलाशांसारखे आणि ओहोटीत जहाज फुटलेल्यांसारखे दिसतात, पावसाचे साठवलेले पाणी पितात आणि हातांनी उपसलेला चिखल वाळवून जाळतात, असे त्याने लिहिले. त्याला ही माणसे दीनवाणी वाटली. उत्खननांनी हे मत खोडून काढले आहे. ग्रोनिंगनमधील एझिंगे इथे आल्बर्ट एखेस व्हान खिफन यांनी १९२३ ते १९३४ या काळात केलेल्या खोदकामात माणसे आणि गुरे एकाच छपराखाली राहत अशी लांबलचक घरे थरांवर थर सापडली. ओल्या, हवाबंद मातीमुळे त्यांच्या विणलेल्या कुडाच्या भिंतीसुद्धा टिकल्या होत्या. गोठ्यांवरून गोधन किती होते हे कळते. ही उपाशी माणसांची वस्ती नव्हती.

हेगेबाइंटुमसाठी मुख्य वाट सोडून आत वळावे लागते, आणि ते वळण चुकवू नये. समुद्रसपाटीपासून ८.८ मीटर उंचीचा हा नेदरलँड्समधला सर्वांत उंच टेर्प आहे. आकडा किरकोळ वाटतो, पण मैलोन्‌मैल सपाट रस्त्यावरून आल्यावर चर्चकडे जाणारा चढ पायांना लगेच जाणवतो. बाराव्या शतकातल्या या चर्चमध्ये सरदार घराण्यांतील मृतांचे कोरीव लाकडी शोकफलक भिंतींवर लावलेले आहेत. बाहेर आल्यावर दिसते की चर्चच्या एका अंगाला उतार नाहीच, थेट कडा आहे. एकोणिसाव्या शतकात शेणखताने कसदार झालेली टेर्पची माती नापीक जमिनींसाठी खत म्हणून विकली जाऊ लागली. होड्या भरभरून माती गेली. अनेक टेर्प पुरते सपाट झाले, काहींचा चर्चखालचा तुकडाच उरला. दोन हजार वर्षांचा इतिहास शेतात पसरला गेला, याची हळहळ वाटतेच.

बांधापलीकडे खारी कुरणे लागतात. कोकणात अशा भरतीच्या चिखलावर कांदळवन वाढते. इथल्या थंडीत ते तगत नाही, त्याची जागा गवते आणि झुडपे घेतात. अगदी पाण्यालगत सॅलिकॉर्निया ही काडीसारखी रसाळ वनस्पती येते. ती भाजी म्हणून खातात, आणि शरद ऋतूत ती लालभडक होते. हिवाळ्यात बार्नॅकल हंसांचे थवे उतरतात, वसंतात उचाट्या आणि कालवफोड्या घरटी करतात. त्या काळात काही भागांत जाता येत नाही. २००९ पासून वाडन समुद्र युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

टेर्प कशासाठी होते, हे मारुमजवळ २००६ मध्ये पुन्हा दिसले. ३१ ऑक्टोबरच्या रात्री वादळी भरतीने बांधाबाहेर चरणारे शंभराहून अधिक घोडे एका छोट्या उंचवट्यावर अडकले. काही बुडाले. बाकीचे तीन दिवस तिथेच उभे होते, आणि ३ नोव्हेंबरला घोड्यांवर बसून पाण्यात उतरलेल्या स्त्रियांनी त्यांना मागोमाग बाहेर आणले. आणखी पूर्वेला मॉडरखाटमध्ये मार्च १८८३ च्या वादळात पासेन्स-मॉडरखाटचे ८३ मच्छीमार बुडाले, त्यांचे स्मारक बांधावर आहे.

वारा बहुधा नैर्ऋत्येचा असल्याने मारुमहून पूर्वेकडे जाणे सोयीचे. काही ठिकाणी वाट बांधाच्या समुद्राकडील पायथ्याने जाते. तिथे मेंढ्या चरतात, म्हणून प्रत्येक फाटक उघडल्यावर मागे लावून घ्यावे लागते. चौकाचौकांवरच्या क्रमांकित पाट्यांमुळे आतल्या गावांत शिरून पुन्हा किनाऱ्यावर येणे सोपे होते.